चौथी लीना

नामकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे पुरावाकाका म्हणत. तोंडावर नुसतं ‘काका’, पाठीमागे ‘पुरावाकाका’. आणि पाठीमागचं त्यांना ऐकू येत नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. कुणी सहज ‘आज गारठा आहे’ म्हटलं, तरी काका चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि ‘पुरावा?’ हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत येऊन परत जाताना दिसे. विचारण्याचा धीर त्यांना माणसांपुढे होत नसे. कार्डांपुढे होई.

काम असं होतं. प्रत्येक नावाची लाकडी खणात एक गड्डी. पहिल्या कार्डावर नावाचा अर्थ आणि ते कुठे कुठे आढळतं ते. मग त्या नावाच्या प्रसिद्ध व्यक्ती, एका कार्डावर एक. कार्डाच्या मागच्या बाजूला दोन छापील पुरावे हवेतच, ग्रंथ आणि पान. एका पुराव्यावर कुणाला आत घ्यायचं नाही. काकांनी पंचेचाळीस वर्षांत या नियमापायी किती राण्या आणि गायिका दाराबाहेर उभ्या ठेवल्या असतील, त्याची गणती नाही. वयाच्या साठाव्या वर्षी ते निवृत्त व्हायचे होते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आठवण करून द्यायचा काकांचा स्वभाव नव्हता. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

त्या सोमवारी दुपारी संपादकबाई ‘ल’चा खण पोटाशी धरून त्यांच्या टेबलापाशी आल्या. बाई काकांच्या मुलीहून लहान, आणि बोलण्याचा वेग असा की काका पहिल्या वाक्याचं उत्तर जुळवेपर्यंत त्या चौथ्यावर असत. नव्या आवृत्तीसाठी सगळी कार्डं यंत्राखाली ठेवून त्यांचे फोटो काढायचं काम चाललं होतं.

“काका, ही टोचलेल्या कार्डांची काय भानगड आहे?”

“टोचलेली?”

बाईंनी एक कार्ड खिडकीसमोर धरलं. उजव्या कोपऱ्यात, खाली, सुईच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका चमकला. काकांनी तो चव्वेचाळीस वर्षांत पाहिला नव्हता. पण ओळखायला तेवढा ठिपका पुरला.

“फोटोत काळा डाग येतोय. आधी वाटलं, कीड लागली. पण सगळ्या कोशात मोजून सात कार्डं, आणि भोक बरोब्बर त्याच जागी. इतकी शिस्तीची कीड असते होय?”

“कीड नाही,” काका म्हणाले. “मी.”

मग त्यांनी सांगितलं. कोशाचं काम करणाऱ्यांत एक जुनी रीत होती. कुणी कोश चोरून स्वतःच्या नावावर छापला, तर ते सिद्ध कसं करायचं? म्हणून हजारो खऱ्या नोंदींत एखादी खोटी पेरून ठेवायची. ज्याच्या कोशात ती सापडेल तो चोर. तेव्हाच्या थोरल्या संपादकांनी ते काम तरुण काकांवर सोपवलं होतं. आणि पुढे आपलीच फसगत होऊ नये, म्हणून अशा कार्डाला सुईने टोचायचं.

“म्हणजे तुम्ही? तुम्ही बसून खोटी माणसं लिहिलीत?” बाईंना हसू आवरेना. “आणि चोर सापडला का कधी?”

“नाही. आपला कोश चोरावासा कुणालाच वाटला नसावा.”

“ते असो. या सातही नोंदी आता जाणार. आणि प्रस्तावनेत त्यांची यादी देऊन वाचकांची माफी मागायची. दोनच ओळी. शुक्रवारी छापायला जातंय.” त्यांनी हातातलं कार्ड उलटंसुलटं केलं. “लीना, क्रमांक चार. काका, तुमच्या मुलीचं नाव लीनाच ना?”

“हो.”

“कोशातूनच ठेवलंत?”

“हो.”

“अगं बाई. चार नंबरवरून तर नाही ना?”

काकांनी चष्मा काढला आणि तो आधीच स्वच्छ असताना पुसत बसले.

थोरल्या संपादकांची सूचना अशी होती की नोंद कंटाळवाणी हवी. वाचणाऱ्याला पुढे काही विचारावंसं वाटता कामा नये. पण काका ती नोंद लिहायला बसले त्या सकाळी दाट धुकं पडलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरची इमारत दिसेनाशी व्हायची, मग तिचा एक मजला दिसायचा, मग एकच खिडकी हवेत लटकलेली दिसायची. लीना या नावाच्या तीन स्त्रिया तेव्हा कोशात होत्या. पहिली नद्यांवर पूल बांधणारी. दुसरी समुद्र पोहून जाणारी, जिला आयुष्यभर माशांची भीती वाटत आली. तिसरी छापखान्यासाठी अक्षरांचे साचे कोरणारी; तिची अक्षरं लोक रोज वाचत आणि तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. अशा तिघींच्या शेजारी कंटाळवाणी बाई आणून बसवायची म्हणजे काकांच्या जिवावर आलं. त्यांनी लिहिलं:

‘लीना (४). धुक्याची नोंद ठेवणारी. एका लहान बंदरावर एकतीस वर्षे रोज पहाटे धुक्याचे निरीक्षण केले. धुक्याच्या अकरा जाती वेगळ्या केल्या. त्यांपैकी चालते, बसलेले व विचारात पडलेले ही नावे खलाशांच्या बोलण्यात रुळली. अविवाहित.’

शेवटचा शब्द लिहून ते एकटेच लाजले होते. तेव्हा त्यांचंही लग्न व्हायचं होतं.

पुढे लग्न झालं. बायको कोटाच्या कापडावर खडूने रेघ मारून बेधडक कात्री चालवणारी. शिवणाच्या दुकानात तिच्या हाताखाली चार बायका होत्या. पोटात मूल असताना डॉक्टरांनी तिला दोन महिने अंथरुणावरून उठायची मनाई केली, तेव्हा वेळ जावा म्हणून ती कोश वाचायला लागली. एका संध्याकाळी ‘ल’वर बोट ठेवून म्हणाली, “ही धुकेवाली मला आवडली बाई. रोज उठून जे हातात धरता येत नाही त्याचा हिशोब ठेवायचा म्हणजे काय! मुलगी झाली तर लीना.”

काकांनी तोंड उघडलं.

“का? नाही आवडलं?”

“आवडलं,” काका म्हणाले.

उरलेलं उद्या सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तो उद्या बेचाळीस वर्षं झाली तरी उजाडला नव्हता.

मुलगी चार लीनांच्या गोष्टी ऐकत वाढली. गोधडीचे पूल बांधायची, जमिनीवर पालथी पडून पोहायची. पण जीव चौथीवर. “बाबा, अकरातली तीनच नावं दिलीत. बाकीची आठ?”

“सापडली नाहीत.”

“मग मी शोधते,” असं म्हणून ती काचेवर तोंडाची वाफ सोडायची आणि बोटाने आकडे घालायची.

ती खरंच शोधायला गेली. हवामानाचं शिक्षण घेतलं आणि शेवटच्या बसथांब्याच्याही वर, डोंगराच्या धारेवर, वर्षातले दोनशे दिवस धुक्यात बुडालेल्या निरीक्षणकेंद्रावर नोकरी घेतली. तिथे तिने ठरावीक अंतरावर पांढरे खांब रोवून त्यांवर केंद्रापासूनचे मीटर लिहून घेतले होते. कितवा खांब दिसतो यावरून धुक्याची दाटी कळायची. वीस वर्षांत तिला दहा जाती सापडल्या. त्यांवरचा प्रबंध चार वर्षं झाली, फडताळात तयार पडून होता. शहरातल्या मुख्य वेधशाळेने मोठ्या जागेवर दोनदा बोलावलं, दोनदा तिने नकार कळवला. तिसरं बोलावणं आलं होतं, उत्तराची मुदत महिनाअखेर. आणि गेल्याच आठवड्यात फोनवर ती म्हणाली होती, “तिला एवढ्याशा बंदरावर अकरा दिसली, बाबा. मला सगळा डोंगर मिळून दहाच दिसतात. माझ्याच डोळ्यांत काहीतरी कमी आहे. अकरावं सापडल्याशिवाय मी नाही उतरणार.”

काका त्यावरही ‘बरं’ म्हणाले होते.

त्या सोमवारी संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बायकोला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“म्हणजे ही बाई नव्हतीच?”

“नव्हती.”

“आणि मी इतकी वर्षं दुकानात तिचं उदाहरण देतेय! बायका उशिरा आल्या की सांगते, ‘ती एकतीस वर्षं पहाटे उठली, तुम्हाला नऊला यायला काय होतं?’ अहो, मला कधीकधी तिचा राग यायचा. वाटायचं, यांना हिची एवढी माहिती कशी?” ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. “लीनाला कुणी सांगायचं?”

काका तिच्याकडे बघत राहिले.

“माझ्याकडे नका बघू. उद्याच्या पहिल्या बसने तुम्ही जा, एकटे. मी आले तर तुम्ही मला बोलायला लावाल आणि स्वतः देखावा बघत बसाल.”

पहिल्या बसमध्ये चार माणसं होती, शेवटच्या थांब्याला काका एकटेच उरले. रस्ताभर त्यांनी वाक्यं जुळवली आणि मोडली. ‘एक गंमत सांगायची आहे’ हे खोटं वाटत होतं. ‘माझ्या हातून एक चूक झाली’ हे फार लहान वाटत होतं. बस वळणं घेत वर चढत होती आणि खिडकीतून एकेक गोष्ट गळून पडत होती. आधी दरी, मग समोरचा डोंगर, मग कठडा. शेवटी खिडकीत स्वतःचा चेहरा तेवढा राहिला, तोही फिकट, जणू कुणी अर्धवट पुसून ठेवला होता.

उतरल्यावर पायवाट होती. पहिला पांढरा खांब एकदम अंगावर आला, मग तोही मागे विरघळला. काका हळूहळू चालत होते. आपण चालतो आहोत की खांबच आपल्याकडे येताहेत, हे काही वेळाने त्यांना सांगता येईना. पायाखालच्या ओल्या गवताचा आवाज दुसऱ्याच कुणाच्या पायांचा वाटत होता. त्यांना वाटलं, या पांढऱ्यात एक बाई उभी असेल. डोक्याला रुमाल बांधलेली, हातात वही. ती विचारेल, ‘मला का काढून टाकता?’ आणि आपण म्हणू, ‘पुरावा?’

“कोण आहे?” समोरून आवाज आला.

तो लीनाचा होता. त्यांची स्वतःची लीना.

“मी,” काका म्हणाले.

“बाबा? तुम्ही? इथे? आई बरी आहे ना?”

“बरी आहे. बटाटे सोलते आहे.” हे कालचं होतं, पण त्यांना आता दुसरं काही सुचेना.

“थांबा तिथेच, मी येते. कुठल्या खांबापाशी आहात? आकडा बघा.”

“पन्नास. लीना, तू येऊ नकोस. तिथेच थांब.”

“का?”

“तू दिसत नाहीस तोवर मला बोलता येईल.”

काकांनी खांबावर हात ठेवला. तो गार आणि ओला होता. मग त्यांनी धुक्याला सगळं सांगितलं. थोरले संपादक, चोर, सुई, खिडकी, आईने ‘ल’वर ठेवलेलं बोट. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही, जी आपोआप आली ती येऊ दिली. चौथी लीना नव्हती. बंदर नव्हतं. खलाशीही नव्हते.

मग धुक्यातून एवढंच आलं, “अकरा का?”

“काय?”

“अकरा का लिहिलंत, बाबा? नऊ का नाही? दहा का नाही?”

“दहा खोटं वाटलं असतं,” काका म्हणाले. “गोल आकड्यावर वाचणाऱ्याला संशय येतो.”

पावलं लांब गेली. दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज झाला. काका पन्नासाव्या मीटरवर उभेच राहिले. परत बसकडे जावं की पुढे जावं हे त्यांना ठरवता येईना, आणि न ठरवता उभं राहणं त्यांना आयुष्यभर चांगलं जमत आलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग लीना अगदी हाताच्या अंतरावर उभी दिसली. रेनकोट घातलेली, केसांवर पाण्याचे बारीक मणी, हातात वही.

“नऊ वाजताची नोंद घ्यायची होती,” ती म्हणाली. “ती चुकवता येत नाही. आत चला. गारठलात.”

केंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीला वाऱ्याचा आणि पाऱ्याचा तक्ता. तिने चहा केला आणि त्यांच्याकडे न बघता पुढे ठेवला.

“दुनियेला पुरावा विचारता तुम्ही. सगळ्या दुनियेला. आणि मी तुम्हाला एकदाही विचारला नाही. का विचारीन? बाबांनी लिहिलंय म्हणजे झालं.”

काकांनी मान खाली घातली.

“वीस वर्षं, बाबा! रोज सकाळी हे दार उघडताना वाटायचं, आज असेल. नाही दिसलं की वाटायचं, असतं, मलाच दिसत नाही.” तिने फडताळातून जाड फाइल काढून टेबलावर आपटली. “आणि हे बघा, पहिलं पान, पहिलं वाक्य. ‘धुक्याच्या अकरा जातींची पहिली नोंद एका बंदरावरील लीना या निरीक्षिकेने केली.’ खाली आधार म्हणून तुमचा कोश. हे छापून आलं असतं तर? लोक हसले असते मला.”

काकांनी हातातली बशी खाली ठेवली. चोरासाठी त्यांनी रचलेला सापळा इतकी वर्षं रिकामाच राहिला होता, आणि त्यात पाऊल टाकायला निघालेली त्यांची स्वतःची मुलगी होती.

“मग एका परीने अकराव्यानेच तुला थांबवून वाचवलं—” असं काहीतरी ते म्हणू लागले.

“नको. त्याचं श्रेय नका घेऊ.” पण तिच्या ओठाचा एक कोपरा हलला होता. तो कोपरा आईचा होता.

तिने पेन्सिल घेऊन ते वाक्य खोडलं. पुढच्या ओळीतलं ‘अकरा’ खोडलं आणि वर ‘दहा’ लिहिलं. लिहून त्या शब्दाकडे बघत राहिली. मग खिडकीबाहेर बघत राहिली, तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

“दहाच आहेत,” ती सावकाश म्हणाली. “बाबा, दहाच आहेत. संपली. मला सगळी सापडली.”

आणि ती रडायला लागली. लहानपणी काचेवरचा आकडा वाफेबरोबर उडून जायचा तेव्हा रडायची तशी. काकांनी धीर करून तिच्या ओल्या केसांवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

जरा वेळाने नाक पुसत तिने विचारलं, “तीन नावं कुठून आणलीत? चालतं, बसलेलं, विचारात पडलेलं? ती तर इथे आहेत. रोज असतात. दहातली पहिली तीन तीच आहेत. खोट्या बाईला खरी धुकी कशी दिसली?”

“ती मला दिसली होती. कचेरीच्या खिडकीतून.”

लीनाने वहीचं कोरं पान उघडलं. “कुठली खिडकी?”

“पूर्वेची. दुसरा मजला.”

“वेळ?”

“नऊ ते साडेदहा.”

“वारा?”

काकांनी डोळे मिटले. समोरची इमारत आली, गेली, तिची एक खिडकी हवेत लटकली. “आधी थोडा होता. तेव्हा ते चालत होतं. मग पडला. तेव्हा बसलं. साडेदहाच्या सुमारास पुन्हा उठावं की नाही, असं त्याला वाटत होतं.”

पेन्सिल चालत होती. पान भरल्यावर ती म्हणाली, “निरीक्षक म्हणून तुमचं नाव घालावं लागेल.”

“नको, नको. माझं कशाला?”

“पुरावा लागतो, बाबा.”

शुक्रवारी कोश छापायला गेला. प्रस्तावनेतल्या माफीच्या दोन ओळी काकांनी स्वतः लिहिल्या. त्या लिहायला त्यांना अडीच दिवस लागले. लीनाने महिनाअखेरीच्या आत मुख्य वेधशाळेला होकार कळवला आणि डोंगर उतरून आली. पहिल्या रविवारी घरी आली तेव्हा आई तिला म्हणाली, “दुकानात आता उशिरा येणाऱ्यांना तुझं उदाहरण देते. पण तू सकाळी किती वाजता उठतेस ते आधी सांग, माझी पुन्हा फजिती नको.”

सात महिन्यांनी प्रबंध छापून आला. काकांनी तो पिशवीतून कचेरीत नेला, दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी संपादकबाईंच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

“बोला काका.”

“एक कार्ड लिहायचं होतं. पण नातेवाइकाने लिहायचं नाही, असा नियम आहे.”

“तुमचाच आहे तो.” बाईंनी हात पुढे केला, प्रबंध घेतला, चाळला. मग कोरं कार्ड ओढून भराभर लिहायला लागल्या. ‘लीना. धुक्याची निरीक्षक. दहा जाती.’ “क्रमांक चार रिकामाच आहे अजून. घालू?”

उत्तराची वाट न बघता बाईंनी कार्ड उलटलं, मागे प्रबंधाचं नाव आणि पान लिहिलं, आणि पेन थांबवलं.

“एकच आहे, काका.”

“एकच आहे,” काका म्हणाले. “दुसरा येईपर्यंत बाहेर ठेवा.”

बाईंनी कार्ड त्यांच्या हातात दिलं. काका आपल्या टेबलापाशी आले. खिडकीबाहेर सकाळचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. समोरच्या इमारतीचा वरचा मजला तेवढा तरंगत होता. त्यांनी कार्ड काचेपुढे धरलं आणि उजवा कोपरा नीट न्याहाळला. कुठूनही उजेड येत नव्हता.

मग त्यांनी ते प्रतीक्षेच्या पेटीत, अगदी पुढे, हात घातला की सापडेल असं ठेवलं.